उंची १७३, वजन ५२, छाती ७६. भरतीपर्यंत ३ सेंटिमीटर आणू कुठून?

रापणकर_देवबाग | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यातला, वय २२, पोलीस भरतीची तयारी करतोय. प्रश्न लांबलचक आहे. पण थोडक्यात विचारलं की "केळी खा" एवढंच उत्तर येतं, म्हणून सगळंच लिहितो.

वजन बारावीपासून ५२ वर खिळलंय. भरतीला मुलांची छाती न फुगवता ७९ लागते आणि फुगवून निदान ५ सेंटिमीटर वाढावी लागते. गेल्या रविवारी मैदानावर सरांनी टेप लावली. न फुगवता ७६, फुगवून ८२. म्हणजे फुगवण्यात मी पास, मुळातच नापास. मागून एक जण म्हणाला, "सुको बोंबील मोजतत रे!" सगळे हसले, सरही हसले, मीही हसलो.

१६०० मीटरला माझी चिंता नाही. ५ मिनिटं २० सेकंदांत येतो, आणि आल्यावर बोलू शकतो. त्या धावण्याला २० गुण आहेत. पण गोळ्याला १५ आहेत, आणि ७.२६ किलोचा तो गोळा मी टाकतो की तो मला टाकतो हेच कळत नाही. परवाचा सगळ्यात लांब गेला तो ५ मीटर १० सेंटिमीटर.

अशक्त म्हणाल तर तसा नाही. नारळी पुनवेनंतर रापण सुरू झाली की पहाटे दोराला मी असतोच. ज्यांनी रापण ओढलीय त्यांना सांगायला नको: वाळूत टाचा रोवून, मागे रेलून, जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत ओढतच राहायचं. आमच्यातले दोन धिप्पाड गडी मध्येच वाळूत बसतात. मी बसत नाही.

खाणं असं. उठल्यावर चहा-बटर. दहाला उकड्या तांदळाची पेज, दोन मोठे वाडगे, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणचं. दुपारी माशाचं कालवण आणि भात. भात किती, तर आई म्हणते, "ह्येच्या पोटात घूस आसा काय?" संध्याकाळी चहा. रात्री रापणीच्या दिवसांत कधी जेवतो, कधी तसाच झोपतो.

वडील असेच. आजोबांचा घरात एकच फोटो आहे, होडीच्या नाळीवर उभे, बरगड्या मोजून घ्या.

आणखी एक सांगतो, प्रश्नाशी संबंध नसला तरी. लग्नाला गेलो की कोणीही येऊन माझं मनगट धरतं, अंगठा आणि करंगळी टेकवून दाखवतं, वर "वारो इलो तर उडान जातलो" म्हणतं. भर मांडवात एखाद्याच्या सुटलेल्या पोटाला कोणी असा हात लावून बघितलाय? मी तरी पाहिलेलं नाही.

आता मुद्दा. एका मित्राने वजन वाढवायच्या पावडरीचा ३ किलोचा डबा घ्यायला सांगितलंय, वर फुगलेल्या माणसाचं चित्र आहे. दुसऱ्याने गोळ्या आणून दिल्यात, पुडीवर नाव नाही, "पंधरा दिवसांत गाल भरतात" म्हणतो. आणि व्हिडिओवाले म्हणतात तू 'एक्टोमॉर्फ', तुझी बनावटच अशी. बनावटच अशी असेल तर मग घाम कशाला गाळायचा? खरं काय ते सांगा.

---

लोखंड_कुडाळ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

भावा, धावणं बंद कर, जड वजन उचल, डबा घे. दुधातून दोन स्कूप, दिवसातून दोनदा. मी ५८ चा ७१ झालो आठ महिन्यांत. उगाच डोकं लावू नको.

---

पांढरा_कोट_नाही | १० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

मी नर्स आहे, खेड्यातल्या दवाखान्यात १९ वर्षं. डब्याचं नंतर बघू. आधी त्या गोळ्या घरातून बाहेर काढ.

अशा बिननावाच्या "गाल भरण्याच्या" गोळ्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं, डेक्सामेथासोन वगैरे, नाहीतर सायप्रोहेप्टाडिन. दुसरी ती ॲलर्जीवरची गोळी, तिने भूक लागते आणि दिवसभर गुंगी येते. स्टेरॉइडने चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, त्याला लोक गाल भरले म्हणतात. त्यात चरबी आणि पाणी असतं, स्नायू नसतो. उलट स्नायू झिजतो. साखर वाढते. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. मी कोसळलेले पाहिलेत.

आता तुला प्रश्न. वजन पहिल्यापासूनच असं आहे, की आधी जास्त होतं आणि उतरलं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा महिन्यांत ५ टक्के, म्हणजे तुझ्या बाबतीत अडीच किलोच्या आसपास, कारण नसताना उतरलं तर तपासणी हवीच. संध्याकाळी कणकण येते का? दोन आठवड्यांहून जास्त खोकला? छातीत धडधड, बोटांना कंप? सारखी तहान? जुलाब? यांतलं काहीही "हो" असेल तर हा धागा बंद कर आणि दवाखान्यात जा. नसेल तरी एकदा हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घे. तू अनवाणी वावरत असशील, हुकवर्म पायाच्या कातडीतूनच आत शिरतो आणि आत बसून रक्त पितो. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून घे.

तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १७.४ येतो. १८.५ च्या खाली कमी वजन धरतात. तुझ्या उंचीला ती रेघ साधारण साडेपंचावन्न किलोवर आहे. म्हणजे तू रेघेपासून साडेतीन किलो लांब आहेस. फार नाही.

---

रापणकर_देवबाग | १० नोव्हेंबर, रात्री ९:१५

ताई, सगळ्याला "नाही". वजन कधी वाढलंच नाही, तर उतरणार कुठून? तपासणी या आठवड्यात करतो.

गोळ्या आईच्या हाती लागल्या. तिने त्या नेऊन मित्राच्या आईला दिल्या. मित्र आता माझ्याशी बोलत नाही.

---

शिट्टी_निवृत्त | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

गुहागरहून. ३१ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, आता सुपारीच्या बागेत असतो. दुपारी वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो, सवयीने थोडं शिकवणं होईल.

एक्टोमॉर्फ हा शब्द विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, १९४० सालचा. गर्भात सुरुवातीला पेशींचे तीन थर असतात, त्यांच्या नावांवरून त्याने माणसांचे तीन साचे केले: गोल तो एंडोमॉर्फ, पिळदार तो मेसोमॉर्फ, काटक तो एक्टोमॉर्फ. प्रत्येकाला १ ते ७ गुण. तुझ्यासारखा टोकाचा बारीक म्हणजे १-१-७. इथवर ठीक होतं. पण पुढे तो म्हणाला की साचा जन्मभर बदलत नाही, आणि साच्यावरून स्वभावही कळतो, बारीक माणूस म्हणे लाजरा आणि एकलकोंडा. हे स्वभावाचं शास्त्र पुढे कोणी मानलं नाही. आमच्या शाळेतला सगळ्यात वाह्यात पोरगा ३८ किलोचा होता.

क्रीडाशास्त्रात आज जी पद्धत वापरतात ती हीथ आणि कार्टर यांची, १९६७ची. तिच्यात बारीकपणाचा आकडा काढायला दोनच गोष्टी लागतात, उंची आणि वजन. उंचीला वजनाच्या घनमुळाने भागायचं, मग एक गुणाकार, एक वजाबाकी. तुझा काढला: ५.३. आता समजा तू ५६ किलोचा झालास. आकडा येतो ४.५. हाडं तीच, आजोबा तेच, आणि 'साचा' बदलला! तेव्हा तो शब्द म्हणजे आज तू कसा दिसतोस त्याचं वर्णन आहे. उद्या कसा दिसशील ते त्यात लिहिलेलं नसतं.

अनुवंश खोटा नाही हे मात्र सांगतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ साली १,६०० हून अधिक निरोगी बारीक माणसांची जनुकं तपासली. लठ्ठपणाचा धोका वाढवणारे बदल त्यांच्यात कमी सापडले. म्हणजे फोटोतले आजोबा तुझ्यात आहेतच. तू ९० किलोचा होणार नाहीस. तुला व्हायचंही नाही. तुला ३ सेंटिमीटर हवेत.

आता खाणं. तू खूप खातोस असं तुला वाटतं, आईलाही वाटतं. तीन दिवस वहीत लिही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तांदूळ कच्चे मोजून. पेजेचा वाडगा दिसतो केवढा! त्यात तांदूळ मूठभर, बाकी पाणी. ५० ग्रॅम तांदळाची पेज म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. पोट तुडुंब, हिशेब रिकामा. पेज सोडू नको, ती दाट कर, वर ओलं खोबरं घाल. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी असतात, आणि ते तुमच्या परसात पडलेलं आहे. खिशात शेंगदाणे-गूळ ठेव. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेतीनशेच्या वर कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. तुझ्या वजनाला स्नायू वाढवायचे तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या हिशेबाने रोज ८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. मासे आहेत, कुळीथ आहेत, अंडी घे. तो ३ किलोचा डबा बहुतेक करून साखरेसारखी पावडर असते, वास व्हॅनिलाचा.

दुसरी गोष्ट. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९९९ साली एक प्रयोग झाला. १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा चारल्या. एकाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, दुसऱ्याची चार किलोंच्या वर गेली. फरक कशाने? ज्यांची वाढली नाही ती माणसं नकळत जास्त हलत होती. ऊठबस, येरझाऱ्या, चुळबुळ. तू हे वाचतोयस ना? तुझा पाय हलतोय का बघ.

आणि तिसरी, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. तू रापण ओढतोस. ओढतोस! पाठ, दंड, पकड, मांड्या, सगळं आहे तुझ्याकडे. पण आयुष्यात तू ढकलत काहीच नाहीस. छातीचा पुढचा स्नायू ढकलण्याचा, आणि गोळाही ढकलण्याचाच खेळ आहे, फेकण्याचा नव्हे. तुझी छाती आणि तुझा गोळा ही एकच अडचण आहे. जोर मार. पाय होडीच्या काठावर, हात वाळूत. पंधरा सहज झाले की पाठीवर वाळूचं पोतं. पोतं छातीपासून डोक्यावर ढकल. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी, दर आठवड्याला थोडं जड. नुसते रोज शंभर जोर काढून शंभर जोर काढणारा बारीक माणूस होतो.

धावणं बंद करू नको, कुडाळकरांनी क्षमा करावी. २० गुण हातचे कोण सोडतं? आठवड्यात तीनदा पुरे. आणि रात्री उपाशी झोपतोस ते आधी थांबव.

---

लोखंड_कुडाळ | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

सर, ढकलण्याचं पटलं. डबा मी पण आता बंद केलाय, खरं सांगायचं तर पोट बिघडायचं.

---

रापणकर_देवबाग | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०२

पाय हलत होता.

---

वेंगुर्ल्याची_मावशी | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

माझो घोव सत्तरीक पोचलो. वजन कधी ५० च्या वर गेला नाय. अजून माडार चढता आनी वरसून माकाच सांगता, खाली उभी रवा नको. लगनात माका सगळे इचारीत, "ह्या काडयेक काय बघून केलंस गो?" माड दाखवलंय.

तू खा बाबा. पन लोकांसाठी नको, टेपेसाठी खा.

---

साखर_४४ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

विषय थोडा बाजूला नेतोय. हा धागा वाचणारे माझ्या वयाचे बारीक लोकही असतील, त्यांच्यासाठी.

मी रत्नागिरीत, बँकेत, वय ४४. उंची १६८, वजन ५९. कॉलेजपासून सगळे म्हणायचे, "तुला काय, तू काहीही खा." मी खाल्लं. आंब्याच्या दिवसांत जेवणानंतर दोन हापूस, बँकेत चार चहा, दोन-दोन चमचे साखर. चालणं म्हणजे स्कूटरपासून टेबलापर्यंत. तीन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला म्हणून तपासलं, तर उपाशीपोटी साखर १९८. डॉक्टरांना म्हटलं, रिपोर्ट दुसऱ्याचा असेल.

मग त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल सांगितलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघे सारखे सडपातळ. आपल्याकडे हे पुष्कळ दिसतं: हातपाय काडीसारखे, स्नायू कमी, चरबी आत पोटात. याज्ञिकांचं म्हणणं, याची सुरुवात आईच्या पोटातच होते, तिच्या खाण्यापिण्यावर बरंच अवलंबून असतं.

माझी विजार २८ची होती ती ३४ची झाली होती, आणि मी शर्ट बाहेर सोडून फिरत होतो. बारीक असल्याचं सर्टिफिकेट खिशात, दुसरं काय.

रापणकर, तुझ्या पोटाचं काही नाही, तू दोर ओढतोस. पण वर्दी मिळाली की खुर्ची मिळेल. तेव्हा हे आठव.

---

पांढरा_कोट_नाही | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

साखर_४४, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) दर तीन महिन्यांनी करताय ना? "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडणारे निम्मे पेशंट मी रोज बघते.

---

साखर_४४ | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

करतो. गेल्या वेळी ६.८. चहात साखर नाही, आंबा अर्धा. अर्धा आंबा खाणं म्हणजे काय असतं ते विचारू नका.

---

रापणकर_देवबाग | १६ मार्च, रात्री ९:५०

चार महिन्यांनी येतोय. मधे दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून हिशेब देतो.

तपासणीत साखर, टीएसएच ठीक. हिमोग्लोबिन ११.४ आलं. ताई, तुमचं बरोबर निघालं, डॉक्टरांनी जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. आता १३.६ आहे. १६०० मीटर ५ मिनिटं ११ सेकंदांवर आलंय, ते बहुतेक त्यामुळेच.

वही लिहिली. मला वाटत होतं तीन हजार कॅलरी तरी जात असतील. साध्या दिवशी २१०० भरल्या. रापणीच्या दिवशी, म्हणजे जेव्हा जास्त लागतात तेव्हा, १७०० सुद्धा नाहीत. रात्रीचं जेवण बुडायचं ना. आई वहीकडे बघून दोन दिवस गप्प होती. मग तिसऱ्या दिवशी पेजेत चमचा उभा राहील इतकी दाट पेज आली, वर खोबऱ्याचा डोंगर.

आता रापणीला जाताना शेंगदाणे-गुळाची पुडी कनवटीला. आधी पोरं हसली, आता पुडी किनाऱ्यावर येईपर्यंत निम्मी होते, म्हणून दोन नेतो. दिवसाला चार अंडी. पेडवे मिळाले की पेडवे, स्वस्त आणि काट्यासकट. रात्री कुळथाची पिठी-भात, झोप आली तरी.

जोर होडीच्या काठावर पाय ठेवून. पहिल्या आठवड्यात सात निघाले. रापण ओढणारा माणूस सातव्या जोराला वाळूत तोंडावर पडतो हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आता पाठीवर १२ किलोचं पोतं घेऊन बारा निघतात.

वजन ५५.३. छाती न फुगवता ७८.५, फुगवून ८४.५. गोळा ६ मीटर ४०. म्हणजे अजून अर्धा सेंटिमीटर बाकी. पूर्वी ओढलेल्या दोराचे वळ हातावर दिसायचे, आता शर्ट खांद्यात अडकतो, आईने दोन शिवणी उसवून दिल्यात.

सर, एक शंका. टेप छातीच्या बोंड्यांवरून पुढे सरळ असते, पण मागे मोजणारा ती खाली घसरू देतो. मागे खवाट्यांच्या खालच्या टोकाला लागली पाहिजे ना? परवा तशी लावून घेतली तर ७८.५ चे ७९ भरले. मोजणाऱ्याला सांगायचं की गप्प बसायचं?

---

शिट्टी_निवृत्त | १७ मार्च, दुपारी ४:०५

चारही बाजूंनी आडवी, जमिनीला समांतर. सांगायचं, पण नम्रपणे आणि एकदाच. आणि टेपेच्या भरवशावर राहू नको, अजून एक सेंटिमीटर कमाव म्हणजे कोणी कशीही लावो. गोळ्याला पाय मागे पडतोय का तुझा? व्हिडिओ टाक.

---

वेंगुर्ल्याची_मावशी | १७ मार्च, रात्री ८:२०

गोळो कितको गेलो ता लिवलंस. अंडी कितक्याक पडली ता नाय लिवलंस.

---

रापणकर_देवबाग | १७ मार्च, रात्री ८:४५

७ रुपयांना एक, मावशी. दिवसाला २८. आईने जानेवारीत पाच कोंबड्या घेतल्या, त्यातली एक मुंगसाने नेली.